मित्राला जामीन राहू का?

*साखर कारखान्यात एकाच खात्यात १८ वर्षं सोबत असलेल्या मित्राला भावाच्या दुकानासाठी आमच्या नोकरदारांच्या पतसंस्थेतून ५ लाखांचं कर्ज घ्यायचंय. जामीनदार म्हणून त्याला माझी सही हवी आहे. बायकोचा ठाम विरोध आहे. मुलगी बारावीला आहे, पुढच्या वर्षी शैक्षणिक कर्ज लागेल. तीन आठवडे मी 'बघतो' म्हणतोय. आता तो चहालाही हाक मारत नाही. काय करू? – एक वाचक, कोल्हापूर जिल्हा*

तुमच्या पत्रातली मला सर्वात जास्त खुपलेली गोष्ट म्हणजे ते तीन आठवडे. 'बघतो' याचा अर्थ तुमच्या मित्राने 'हो' असाच घेतला असणार, आणि तेवढ्या काळात त्याने दुसरा माणूस शोधलेला नाही.

आधी सहीचा अर्थ समजून घ्या. कर्जदाराची मालमत्ता विकून झाल्यावरच जामीनदाराकडे येतात, असा समज कारखान्यात, शाळांत, सगळीकडे आहे. तो चुकीचा आहे. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले की संस्था थेट तुमच्याकडे येऊ शकते. जामीनपत्राबरोबर पगारातून कपातीचं संमतीपत्रही बहुधा सहीला येतं. सोपी वसुली तिथूनच होते, म्हणून कर्जदाराआधी जामीनदाराच्या पगाराला कात्री लागल्याचं दिसतं. दोन जामीनदार असले म्हणून 'निम्मं-निम्मं' असंही संस्थेला बंधन नसतं. भरलेले पैसे मित्राकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे, पण त्यासाठी त्याच्यावरच दावा लावावा लागेल.

आता हिशोब. ५ लाख, १३ टक्के व्याज, ५ वर्षं: हप्ता साधारण ११,४०० रुपये. भावाचं दुकान चाललं नाही तर दरमहा एवढी रक्कम तुमच्या पगारातून जाईल, असं धरून बायकोबरोबर कागद-पेन घेऊन बसा. शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार म्हणून बहुतेक वेळा वडीलच लागतात, आणि बँक त्यांच्यावरच्या जबाबदाऱ्या विचारते. हे जामीनपत्र तिथे सांगावं लागेल. माझ्या मते तुम्ही सही करू नये.

नकार कसा द्यायचा, यावर मैत्रीचं बरंच काही अवलंबून आहे. फोनवर नको, व्हॉट्सॲपवर तर नकोच. पाळी सुटल्यावर त्याला एकट्याला गाठा आणि पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाका: "अरे, मी जामीन राहू शकत नाही. तीन आठवडे तुला ताटकळत ठेवलं, ते माझं चुकलं." 'बायको नको म्हणते' हे चुकूनही म्हणू नका. तो वहिनींना समजवायला घरी येईल आणि राग कायमचा त्यांच्यावर राहील. जास्त कारणंही नकोत, कारण प्रत्येक कारणाला त्याच्याकडे तोड असेल.

मग मदतीचं बोला. त्याच्या घरात सोनं असेल तर सोनेतारण कर्जाला जामीनदार लागत नाही. मुदत ठेवीवर किंवा विमा पॉलिसीवरही कर्ज मिळतं. त्यातून २ लाख उभे राहिले तर पतसंस्थेकडून ३ लाखच लागतील, आणि जामीनदार मिळणं सोपं जाईल. शिवाय हे पैसे नव्या मालासाठी की जुनी देणी फेडण्यासाठी, हे विचारा. जुनी देणी असतील तर त्याने स्वतःच्या नावावर कर्ज काढावं का, याचाच फेरविचार व्हायला हवा. हे त्याला दुसरं कोणी सांगणार नाही. तुम्हाला १०-२० हजार देणं जमत असेल तर परत आले नाहीत तरी चालतील, इतकेच द्या.

एवढं करूनही मन सहीकडेच ओढलं, तर कोऱ्या जागा असलेल्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही करू नका, रक्कम आणि मुदत अक्षरी लिहून घ्या, प्रती जवळ ठेवा आणि दर महिन्याला हप्त्याची पावती बघा. कर्जाचे पैसे दिले गेल्यावर तुम्हाला एकतर्फी नाव काढून घेता येत नाही. संस्थेने दुसरा जामीनदार मान्य केला तरच सुटका.

नकारानंतर तो काही दिवस तोंड फिरवेल. चहाची हाक आता तुम्ही मारा. पहिल्या आठवड्यात तो येणार नाही, तरी मारा.