आपल्याच अल्बमवर आपल्याच वितरकाचा क्लेम आला, तर

वेंगुर्ल्याच्या मित्राने लिहिलंय की त्यांच्या बँडचा पहिला अल्बम येऊन महिना होत नाही तोच त्यांच्याच यूट्यूब चॅनेलवरच्या गाण्याला कॉपीराइट क्लेम आला, म्हणजे ‘हे गाणं आमचं’ असा दावा. क्लेम करणारी त्यांचीच वितरक कंपनी (गाणी ॲपवर पोहोचवणारी), आणि ती ईमेलला दाद देत नाही. व्हिडिओ काढून टाकावा का, आणि एवीतेवी सगळं अडकलंच आहे तर जुलैत रेकॉर्ड केलेली दोन गाणी पुन्हा रेकॉर्ड करावीत का, असं ते विचारतायत. दोन्हींना माझं उत्तर ‘नको’. आमचाही रत्नागिरीचा बँड, तसंच सुरेल अल्टरनेटिव्ह रॉक, दोन गिटार आणि मराठी शब्द. पोस्ट वाचताना पोटात कालवाकालव झाली, म्हणून जरा लांबण लावतो. मी वकील नाही. कागदावर सही करण्याआधी वकिलाला दाखवाच.

क्लेम म्हणजे स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवरची कारवाई, नव्हे. चॅनेलला धक्का लागत नाही, बहुतेक वेळा त्या व्हिडिओच्या जाहिरातीचे पैसे दुसरीकडे वळतात इतकंच. वितरकाने कंटेंट आयडी, म्हणजे गाणं ओळखून आपोआप क्लेम लावणारी यूट्यूबची यंत्रणा, चालू केलंय, पण तुमचं चॅनेल क्लेममधून सूट दिलेल्या यादीत घातलेलं नाही, असंच दिसतंय. नीट चालणारी कंपनी व्हिडिओची लिंक पाठवल्यावर क्लेम सोडते. मात्र एक विचारतो: एखाद्या गाण्यात लायब्ररीतून घेतलेला लूप, म्हणजे तयार वाजवलेला तुकडा, आहे का? तसा लूप हजार जणांकडे असतो, त्यामुळे त्या गाण्यावर कंटेंट आयडी लावताच येत नाही. माझं स्पष्ट मत, लूप कशाला, आपल्याकडे कोकणात नमन-खेळ्यांत मृदुंग वाजवणारे गावोगाव आहेत. त्यांना मानधन द्या, नाव छापा आणि खरा मृदुंग रेकॉर्ड करा.

आता आमचं. आमच्या वितरकाला आम्ही आधी साधे ईमेल केले. प्रत्येकाला तक्रारीचा तिकीट क्रमांक यायचा, खाली ‘आपली विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे’, आणि पुढे चिडीचूप. मग यूट्यूबवर डिस्प्यूट केला, म्हणजे क्लेमवर हरकत घेतली. त्यावर कंपनीच्या यंत्रणेने निष्कर्ष काढला की या गाण्यांच्या मालकीवरून वाद आहे, आणि अख्खा अल्बम सगळ्या ॲपवरून उतरवला. वाद कोणाशी? आमचा आमच्याशीच! हे सांगायला त्या कंपनीत फोन उचलणारा एक माणूस नव्हता. खात्यात जमलेली रॉयल्टी ‘चौकशी पूर्ण होईपर्यंत’ गोठवली, ती आजतागायत सुटलेली नाही.

आणि वेळ कोणती, तर गणपतीच्या तोंडावर. चाकरमानी घरी आलेला, आरतीनंतर अंगणात पोरं बसलेली, कोणीतरी म्हणतं तुमची गाणी लावा रे, आणि मोबाइलवर गाण्यांची नावं राखाडी रंगात, दाबली तरी वाजत नाहीत. आमचा निम्मा श्रोता वर्षातून तेव्हाच एका जागी असतो. पैशांचं सोडा, पण ते दिवस परत मिळत नाहीत. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

म्हणून तुम्ही आधी डिस्प्यूट करू नका. कंपनीला एकच ईमेल करा: व्हिडिओची लिंक, गाण्याचा आयएसआरसी (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख-कोड), चॅनेलचा पत्ता, आणि ‘क्लेम सोडा, चॅनेल सूट-यादीत घाला’ ही स्पष्ट मागणी. उत्तराची तारीख तुम्हीच घाला. चॅनेलवर कमाई चालू असेल तर क्लेम आल्यापासून ५ दिवसांत डिस्प्यूट केल्यास पहिल्या दिवसापासूनचे पैसे यूट्यूब बाजूला ठेवतं, तेवढ्यासाठी लोक घाई करतात. नव्या बँडचे ते पैसे असतात किती? डिस्प्यूट केलात की समोरच्याला ३० दिवस मिळतात. त्यांनी तो फेटाळला आणि तुम्ही अपील केलंत तर ७ दिवस, आणि तिथे त्यांनी व्हिडिओ काढायची मागणी केली तर मात्र खरा स्ट्राइक बसू शकतो. तेव्हा अपील हातात कागद असल्याशिवाय नको.

कागद म्हणजे करारनामा आणि आपसातलं लेखी. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. तुमच्या करारात ‘मालकी’ आहे की नुसता वाटपाचा परवाना, ते शब्द आजच शोधा. गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा २०१२ च्या दुरुस्तीनंतर कंपनीला लिहून देता येत नाही, त्यामुळे कोणी ‘सगळे हक्क’ म्हणून दटावलं तर घाबरू नका. बँडमध्ये कोणाचे शब्द, कोणाची चाल, मास्टरमध्ये, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगमध्ये, कोणाचा किती हिस्सा, हे पानभर लिहून सगळ्यांनी सह्या करा. कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, पण वादात उपयोगी पडते. ध्वनिमुद्रणासाठी सरकारी शुल्क २,००० रुपये, चालीसाठी आणि शब्दांसाठी प्रत्येकी ५००.

कंपनी बदलायची वेळ आलीच तर गाणी आधी उतरवू नका. प्रत्येक गाण्याचा १२ अक्षरांचा आयएसआरसी आणि अल्बमचा यूपीसी (अख्ख्या अल्बमचा कोड) आजच वहीत उतरवून घ्या, कारण खातं बंद झालं की ते दिसत नाहीत. नव्या वितरकाकडे तेच कोड, तीच नावं, तीच वेव्ह ऑडिओ फाइल चढवा. नवं दिसू लागल्यावर जुनं काढा. असं केलं तर ऐकण्याचे आकडे बहुतेक टिकतात. आमचा अल्बम आधीच उतरवला गेला होता, तरी कोड जपलेले असल्याने बरेचसे आकडे परत जुळले.

म्हणूनच पुन्हा रेकॉर्डिंग नको. नवं रेकॉर्डिंग म्हणजे नवा आयएसआरसी, सगळं शून्यापासून. तुम्ही म्हणता जुलैतल्या गाण्यांची गिटार डिसेंबरातल्यापेक्षा बोदी वाटते. वाटणारच; पावसाळ्यात लाकूड फुगतं, खाऱ्या हवेने तारा गंजतात. पुढच्या वेळी वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा, केसमध्ये सिलिका जेल ठेवा, ताल आणि गिटार दिवाळीनंतरच रेकॉर्ड करा. पण तुमच्या तिसऱ्या गाण्यात कौलांवरचा पाऊस मागे ऐकू येतो आणि त्यावर आवाज एकटा चढत जातो, तो तुकडा मी परत परत ऐकला. त्याला हात लावू नका.

क्लेमच्या पानाचा फोटो इथे टाका, खातं क्रमांक झाकून. क्लेम करणाऱ्याचं नाव नेमकं काय लिहिलंय ते बघितल्यावर ईमेलचा मसुदा करून देतो.