वाचक विचारतात : ‘काही लागलं तर सांग’च्या पुढे काय?

प्रश्न : आईला पक्षाघात होऊन दीड वर्ष झालं. ती राजेंद्रनगरला दादाकडे असते, तिचं सगळं वहिनीच करते. मी सुदामानगरला राहते. ‘काही लागलं तर सांग’ असं दर वेळी म्हणते, पण ती कधी सांगत नाही. हल्ली फार गप्प असते. काय करू? (एक नणंद, इंदूर)

उत्तर : ती सांगणारही नाही. काय लागतंय ते आठवायचं, कुणाला जमेल ते बघायचं आणि मग तोंड उघडून मागायचं, एवढंही त्राण दिवसाअखेर उरत नाही. शिवाय सासूच्या सेवेत नणंदेची मदत मागणं म्हणजे आपण कमी पडलो, असं मनात येतंच. म्हणून विचारू नका, वार आणि वेळ सांगा : ‘मंगळवारी आणि शनिवारी चार ते सहा आईजवळ मी. तू झोप, नाहीतर बाहेर जा.’

सुरुवातीला वहिनी घरातच घुटमळेल. साहजिक आहे, काही चुकलं तर निस्तरायचं तिलाच. तेव्हा आधी तिच्याकडून शिकून घ्या. दर दोन तासांनी कूस बदलायची. लुळ्या बाजूचा हात धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. अंगाखाली घडी करून घातलेल्या चादरीच्या कडा दोघींनी धरून वळवायचं. माकडहाड, खुबे, टाचा रोज बघायच्या. लाल डाग बोटाने दाबूनही फिका होत नसेल तर ती जखमेची सुरुवात समजा. तिथे चोळू नका, त्या बाजूवर भार येऊ देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. भरवताना आईंना नीट बसतं करा, एक घास गिळला की मगच दुसरा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. नाहीतर अन्न श्वासनलिकेत जातं. एवढं तुम्हाला येतंय हे दिसलं की वहिनी निर्धास्त झोपेल.

गेल्यावर चहा होऊ देऊ नका. आईंसाठी मऊ भात शिजवून वहिनी स्वतः उभ्याउभ्या काहीतरी खात असणार, तर डबा तिच्या आवडीचा न्या आणि रिकामा डबा तुम्हीच परत आणा. ‘तुला पुण्य लागेल’ म्हणू नका, नव्या वैद्याचं नावही सुचवू नका. जे दिसतंय ते बोला : ‘दीड वर्षात आईच्या पाठीला एक जखम नाही, ते तुझ्यामुळे.’ हे वाक्य दादाच्या तोंडूनही तिच्या कानावर पडू द्या. आणि वार चुकवू नका. तीनदा येऊन थांबलेली मदत जास्त दुखवते.

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण नाही, सारखं रडू येतंय, असं असेल तर तिला डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं.

प्रश्न : कचरागाडीवरच्या भाऊंना उन्हाळ्यात काय द्यावं? (रामबाग)

उत्तर : गार पाणी, मीठ-जिरं घातलेलं ताक, आणि ते प्यायला दोन मिनिटं सावली. पण त्याआधी फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ लिहून वेगळी हातात द्या. डायपर आणि सॅनिटरी पॅड बांधून गाडीतल्या त्यासाठीच्या वेगळ्या खणात टाका. ओल्या कचऱ्यात ते निघाले की भाऊंना हाताने वेचून काढावे लागतात.