गुदवली नेमक्या कुठे?

प्रश्न : सुश्रुतांनी (सुश्रुतसंहितेत) गुदाला प्रवाहणी, विसर्जनी आणि संवरणी अशा तीन वली, म्हणजे वळ्या, सांगितल्या आहेत. कोणी त्यांना मलाशयातल्या ह्यूस्टनच्या घड्या (भिंतीच्या आडव्या घड्या) म्हणते, कोणी स्फिंक्टर (गुदद्वार मिटणारे गोल स्नायू) म्हणते. रुग्ण तपासताना काय धरावे? (आयुर्वेदाची एक विद्यार्थिनी)

उत्तर : आधी मापे मांडा, निम्मा वाद तिथेच मिटतो. संहितेच्या निदानस्थान या भागात गुदाची लांबी साडेचार अंगुळे आहे. अंगुल म्हणजे बोटाची रुंदी, ती ज्याची-त्याची असते. सोयीसाठी 2 सेंमी धरले तर गुद 9 सेंमी. केसांच्या कडेपासून दीड यव (यव म्हणजे अंगुलाचा आठवा भाग) आत गुदौष्ठ, म्हणजे गुदद्वाराची कड, जेमतेम 4 मिमीवर. गुदौष्ठापासून 1 अंगुलावर संवरणी आणि तिच्यावर दीड-दीड अंगुलाने बाकीच्या दोन. म्हणजे तिन्ही वली साधारण 2, 5 आणि 8 सेंमीवर.

आधुनिक शरीरशास्त्रातली गुदनलिका (मलाशयाखालचा, गुदद्वारापर्यंतचा शेवटचा भाग) 3 ते 4 सेंमीची, मलाशय 12 ते 15 सेंमीचे. तेव्हा सुश्रुतांच्या गुदात गुदनलिका आणि मलाशयाचा खालचा भाग, दोन्ही येतात. ‘गुद म्हणजे गुदनलिका’ असे उत्तरपत्रिकेत लिहू नका.

ह्यूस्टनच्या घड्याही बहुधा तीनच, म्हणून मोह होतो. पण त्या सगळ्या मलाशयात आहेत; सर्वांत वरची तर साडेचार अंगुळांच्या पलीकडे जाते. 2 सेंमीवर त्यांतली एकही सापडत नाही आणि गुदद्वार मिटण्याचे काम त्या करत नाहीत.

कामावरून जुळवणे आम्हाला अधिक पटते. मिटून धरणाऱ्या संवरणीच्या जागी बाह्य स्फिंक्टर आहे. गुदनलिकेच्या वरच्या टोकाला प्युबोरेक्टॅलिस स्नायूचा पट्टा मलाशयाला पुढे ओढून जवळपास काटकोन करतो. तो सैल पडला की मार्ग सरळ होतो, हे विसर्जनीचे काम. मलाशयाची भिंत आकुंचन पावून मल खाली ढकलते, ती प्रवाहणी. आंतर स्फिंक्टर मात्र गुदनलिकेतच, बाह्य स्फिंक्टरच्या आत बसतो. त्याला वेगळी वली शोधायला गेलात तर ओढाताण होते.

तपासताना खरी महत्त्वाची आहे ती दंतुर रेषा (गुदनलिकेच्या आतल्या अस्तरावरची दातेरी सीमारेषा), गुदद्वाराच्या कडेपासून सुमारे 2 सेंमीवर. तिच्या वर टोचल्याची वेदना जाणवत नाही, खाली तीव्र जाणवते. मूळव्याधीचा कोंब (फुगवटा) आवळायला लावलेला रबर बँड रेषेच्या अगदी जवळ किंवा खाली बसला तर रुग्ण लगेच कळवळतो. तो बँड तेव्हाच काढावा लागतो. या रेषेला संहितेत वेगळे नाव नाही. बाहेरच्या वलीतले अर्श (मूळव्याध) सुखसाध्य, मधल्यातले कष्टसाध्य आणि आतल्यातले असाध्य हा क्रम खोलीवर ठरतो. मूळव्याधीच्या आजच्या चार श्रेणी कोंब किती बाहेर येतो त्यावर ठरतात. एकावरून दुसरे काढता येत नाही. केसपेपरवर वलीचे नाव लिहायचे तर जरूर लिहा, पण सोबत कडेपासूनचे अंतर आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे जागा लिहाच. उताण्या स्थितीत 12 पुढच्या बाजूला धरतात. मुख्य कोंब बहुधा 3, 7 आणि 11 वर असतात.

अर्शोयंत्राचे (गुदात घालून अर्श पाहण्याच्या नळीचे) संहितेतले वर्णनही नीट वाचा. लांबी 4 अंगुळे. पाहण्यासाठी दोन छिद्रांचे, कर्मासाठी एकाच छिद्राचे, म्हणजे क्षार (जाळणारे औषध) किंवा अग्नी (डाग देणे) शेजारच्या भागाला लागत नाही. क्षार शंभर मात्रा (मात्रा म्हणजे एक लघु अक्षर उच्चारण्याइतका वेळ) मोजेपर्यंत ठेवायचा. कोंब पिकलेल्या जांभळाच्या रंगाचा झाला की पुरे. इतका नेमका तपशील प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचाच असतो.

प्रश्न : गुद सद्यःप्राणहर मर्म (आघात झाल्यास लवकर प्राण जाणारी जागा) आहे, मग तिथे शस्त्रकर्म कसे सांगितले?

उत्तर : धोका खोल आघाताचा आहे. मलाशयाला आरपार इजा झाली तर मल पोटाच्या पोकळीत किंवा श्रोणीत पसरून जंतुसंसर्ग होतो. सद्यःप्राणहर मर्माला सुश्रुतांनी सात दिवसांची मुदत दिली आहे. उपचार न झालेल्या अशा संसर्गाशी ती मिळतीजुळती वाटते. क्षारकर्म, बँड किंवा शस्त्रक्रियेनंतर ताप, वाढत जाणारी गुदवेदना आणि लघवी अडणे ही लक्षणे एकत्र दिसली तर सिट्झ बाथवर (कोमट पाण्यात बसण्यावर) वेळ घालवू नका, त्याच दिवशी रुग्णालयात दाखल करा.