नोकरी, दोन मुलं, जिमला वेळ नाही: घरी ताकदीचा व्यायाम कसा करावा? जोर-बैठका पुरतात का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: दोघांचीही नोकरी, त्यात एकाची शिरोली एमआयडीसीत शिफ्ट, मुलं ४ आणि ७ वर्षांची, जिम जमत नाही. आणि वडील म्हणतात, रोज १०० जोर नि २०० बैठका काढा, बाकी काही लागत नाही.

वडिलांचं निम्मं बरोबर आहे. जोर-बैठकांना ना पैसे लागतात ना जागा. पण कोल्हापुरातली गंगावेस काय, मोतीबाग काय, तालमीतला पैलवान नुसत्या जोर-बैठकांवर थांबत नाही. तो फावड्यानं हौद्यातली माती उकरतो, दोरावर चढतो आणि जोडीदाराला ओढतो, उचलतो. ओढायचं नि उचलायचं काम तिथं होतं. घरात फरशीवर फक्त जोर-बैठका काढल्या तर छाती, खांदे आणि मांडीची पुढची बाजू कामाला लागते. पाठ, मांडीची मागची बाजू आणि हाताची पकड तशीच राहते. झोपलेलं मूल उचलताना नेमकी तीच लागते.

दुसरा मुद्दा आकड्याचा. सवय झाल्यावर २०० बैठका हा दमसासाचा व्यायाम होतो. त्यानं दम वाढतो, पण ताकद एका पातळीवर अडकते आणि वेळ मात्र भरपूर जातो. कमी वेळात ताकद हवी असेल तर ८ ते १२ वेळांतच जड वाटायला हवं, इतकं की सेट (म्हणजे न थांबता सलग काढलेल्या तेवढ्या वेळा) संपताना अजून दोनच निघाल्या असत्या. तीन सेटमध्ये १२-१२ सहज जमायला लागल्या की वजन वाढवायचं, आकडा नाही.

जागतिक आरोग्य संघटना सगळ्या मोठ्या स्नायूंचा व्यायाम आठवड्यात किमान २ दिवस सांगते. म्हणून २ दिवस पक्के धरा, तिसरा जमला तर जमला. मध्ये एक दिवस मोकळा सोडा.

सामान: प्लेटा बदलता येणारे दोन डंबेल घेतले तर उत्तम. नाहीतर दणकट सॅकमध्ये तांदळाच्या ५ किलोच्या पिशव्या. मुलांची शाळेची सॅक वापरू नका, पट्ट्याची शिवण उसवते. तळाला जुनी चादर कोंबा म्हणजे वजन वर, खांद्याजवळ बसतं. खाली लोंबलं की ते मागं ओढतं. गॅस सिलिंडर उचलून व्यायाम नको. मुलाला पाठीवर घेऊनही नको, ते मध्येच हलतं.

वेळेचा हिशेब असा. ३ मिनिटं अंग मोकळं करायला: हात-खांदे फिरवणं आणि दोन-तीन सावकाश सूर्यनमस्कार. मग दोन जोड्या. जोडीतल्या पहिल्या व्यायामाचा एक सेट, अर्धा मिनिट थांबा, दुसऱ्याचा एक सेट, एक मिनिट थांबा. ही फेरी साधारण ३ मिनिटांची. प्रत्येक जोडीच्या तीन फेऱ्या, म्हणजे १८ मिनिटं. शेवटी ४ मिनिटं वजन घेऊन चालणं. एकूण २५. पाय चालतात तेव्हा पाठ विश्रांती घेते, म्हणून जोडी लावायची.

पहिली जोडी: बैठक आणि सॅक ओढणं. तालमीतली बैठक चवड्यांवर, टाचा उचलून असते. वर्षानुवर्षं खुर्चीत बसलेल्या गुडघ्यांना ती एकदम झेपत नाही. टाचा टेकवून, मागं खुर्ची ठेवून, तिला हलकं टेकून उठा. ३ सेकंदांत खाली, १ सेकंदात वर. सोपं गेलं की सॅक छातीशी धरा. ओढण्यासाठी एक हात पलंगाच्या कडेवर टेका, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाका, दुसऱ्या हातानं सॅक कमरेकडे ओढा. चुकतं ते इथं: लोक झटका देऊन खांदा वर फिरवतात, मग पाठीऐवजी नुसता दंड दुखतो. कोपर खिशाच्या दिशेनं जायला हवं. वर एक सेकंद थांबता येत नसेल तर वजन जास्त आहे.

दुसरी जोडी: जोर आणि कमरेतून वाकून वजन उचलणं. फरशीवर ८ जोर निघत नसतील तर ओट्याच्या कडेवर हात ठेवून साधे दंड (पुश-अप) काढा, मग पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर. खांदा दुखत असेल तर पूर्ण झोल्याचा जोर सोडा, साधे दंडच पुरे. ओटा ओला नको.

कमरेतून वाकणं सगळ्यात जास्त चुकतं, म्हणून नीट वाचा. भिंतीकडे पाठ करून एक वीतभर पुढं उभे राहा. गुडघे किंचित सैल. हातात वजन, मांडीला चिकटून. आता खाली वाकायचं नाही, बूड मागं नेऊन भिंतीला लावायचं. धड आपोआप पुढं झुकतं. मांडीच्या मागं ताण आला की थांबा आणि सरळ व्हा. सोपं झालं की पाऊलभर पुढं सरका. ताण कमरेत जाणवला तर पाठीचा कणा गोल झालाय किंवा वजन अंगापासून लांब गेलंय. केर काढताना वाकतो तसं वाकू नका.

शेवटी एका हातात १० किलो घेऊन घरात किंवा गच्चीवर चाला, अंग न झुकवता. दर ३० सेकंदांनी हात बदला.

उचलताना श्वास सोडा, रोखून धरू नका. रक्तदाब असेल तर हे फारच महत्त्वाचं. वजन वाढवताना एका वेळी १-२ किलो; लिटरची पाण्याची बाटली म्हणजे एक किलो. बाळंतपणानंतर पोटात मध्ये फट जाणवत असेल किंवा शिंकताना लघवी होत असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर ते चालतं, सांध्यात टोचल्यासारखं दुखणं चालत नाही.

सलग २५ मिनिटं मिळत नसतील तर सकाळी कुकर लावला की पहिली जोडी, रात्री मुलं झोपल्यावर दुसरी. आठवड्यातल्या सेटची बेरीज तीच असेल तर फारसा फरक पडत नाही.

खाण्याचं: वजनाच्या दर किलोला १.२ ते १.६ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९६ ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. दोन अंड्यांत सुमारे १२ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, ग्लासभर म्हशीच्या दुधात ८-९, वाटीभर शिजलेल्या डाळीत ६-७. पांढरा रस्सा कितीही वाट्या प्यायलात तरी हिशेब जमत नाही, प्रोटीन मटणाच्या फोडींत असतं.

मूल आजारी पडून आठवडा बुडाला तर पुढच्या वेळी वजन एक पायरी उतरवून दोनच फेऱ्या करा. बुडालेले दिवस एकदम भरून काढायला गेलात तर चार दिवस जिना उतरता येत नाही.