दुसऱ्या वर्षाबद्दल

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र वाचलं. जूनमध्ये शाळेतला करार संपला की कॅनडाच्या उत्तरेचं ते नुनावुत सोडायचं, टोरांटोला एम.एड. करायचं आणि मग 'धोरणाच्या पातळीवर' काम करायचं, असा तुझा बेत दिसतो. एका पानावर लिहितेस की या मुलांसाठी जीव तुटतो, पुढच्या पानावर म्हणतेस की आपण बाहेरचे, आपला इथे अधिकार काय. दोन्ही खरं असेल. पण मीही नुनावुतमध्ये मास्तरकी केली आहे, म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तू ठरव. ऑगस्टमध्ये त्याच गावात, त्याच शाळेत, जमलं तर त्याच मुलांच्या वर्गावर परत जा. दुसरं वर्ष कर.

धोरण म्हणतेस तर आधी धोरणच बघू. नुनावुत 1999 साली वेगळा प्रदेश झाला, तिथल्या मूळच्या इनुइट लोकांच्या हाती कारभार यावा म्हणून. सात वर्षांनी, 2006 मध्ये, थॉमस बर्जर या माजी न्यायाधीशांनी तिथल्या शिक्षणावर अहवाल दिला. शंभरातली जेमतेम पंचवीस इनुइट मुलं बारावी पार करतात, असं त्यात लिहिलं होतं. कारणही नेमकं सांगितलं होतं: सुरुवातीची वर्षं इनुक्टिटुटमध्ये, म्हणजे इनुइटांच्या भाषेत, शिकायचं आणि चौथीच्या सुमारास एकदम इंग्रजीत पडायचं, त्यामुळे मूल धड ना या भाषेत तयार होतं ना त्या. बालवाडीपासून बारावीपर्यंत दोन्ही भाषा चालू ठेवा, असा उपाय सुचवला. 2008 मध्ये तसा कायदा झाला, 2019 ची मुदत ठरली. आणि 2020 मध्ये काय केलं? मुदत 2039 पर्यंत ढकलली, तीही भाषा एक विषय म्हणून शिकवण्यापुरती. कारण सोपं आहे. त्या भाषेत शिकवणारे पुरेसे शिक्षकच नव्हते. अहवाल चांगला, कायदा बरा, वर्गात उभं राहणारं माणूस नाही. आता तू टोरांटोला बसून आणखी एक चांगला अहवाल लिहिणार. लिही, पण नंतर लिही.

रोबोटिक्स क्लबचं तू उत्साहाने लिहिलंयस, म्हणून त्याबद्दल एकच वाक्य लिहितो. तू गेल्यावर ते डबे कपाटात जातील, आणि त्या कपाटात तुझ्या आधीच्या तिघांचे डबे आधीच आहेत.

तुला त्या गावात पहिल्या आठवड्यात पोरांनी काय विचारलं होतं? 'कधी जाणार?' असंच ना? मलाही विचारलं होतं. मला तेव्हा ते उर्मट वाटलं. पुढे कळलं की तो अगदी व्यवहारी प्रश्न आहे. त्यांनी जमा-खर्च बघितलेला असतो. किती जीव लावायचा ते त्यावरून ठरतं.

तुझ्या वर्गातला तो मुलगा, जो 'कधीच उत्तर देत नाही' असं तू सप्टेंबरात फोनवर सांगितलंस, तो उत्तर देत होता. भुवया उंचावल्या की हो, नाक मुरडलं की नाही. तुला हे कळायला दिवाळी उजाडली. ठीक आहे, मलाही वेळ लागला. पण ऑगस्टमध्ये तुझ्या जागी जो येईल तो पुन्हा शून्यापासून सुरू करेल, त्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात पुन्हा 'प्रतिसाद देत नाही' असं लिहील आणि कुणी मुलाची श्रवणचाचणी करा म्हणेल. तिथली दहा वर्षांची पोरं शिक्षक घडवण्यात तरबेज झालेली असतात. दरवर्षी एक घडवतात आणि तो जूनच्या विमानाने निघून जातो.

नावांचंही तसंच. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात आणि घरात त्याला अरे-तुरे करायला आजी जरा बिचकते. तिथे हे याहून पुष्कळ खोल आहे. ज्या गेलेल्या माणसाचं नाव मुलाला मिळतं, त्या माणसाची नातीही त्याला मिळतात. आठ वर्षांच्या पोरीला एखादी म्हातारी खरोखर 'आई' म्हणून हाक मारते. तू त्या पोरीवर वर्गात खेकसतेस तेव्हा गावात कुणाकुणाला लागतं, याचा हिशेब पहिल्या वर्षी कुणालाच मांडता येत नाही. दुसऱ्या वर्षी थोडा येतो.

आता एक अगदी कोरडी गोष्ट, जी तुझ्या एम.एड.मध्ये कुणी शिकवणार नाही. नुनावुतमध्ये पंचवीस गावं आहेत आणि एकालाही दुसऱ्या गावाशी जोडणारा रस्ता नाही. विमानाने सामान आणणं परवडत नाही, म्हणून वर्षभराचं जड सामान बर्फ वितळल्यावर सीलिफ्टच्या बोटीने येतं. त्याची यादी वसंतात करायची असते. म्हणजे ती यादी कोण करतो? जूनमध्ये जाणारा शिक्षक. त्याला पुढच्या वर्षी कोणत्या वह्या, किती गोंद, कोणती पुस्तकं लागतील याची फिकीर कशाला असेल? तो मागच्या वर्षीचीच यादी पुढे सरकवतो. मी तिथे गेलो तेव्हा शाळेत भूमितीच्या पेट्या वर्गागणिक रचून ठेवलेल्या आणि पेन्सिली नव्हत्या. हे कुणाच्या दुष्टपणामुळे होत नाही. जो पुढच्या वर्षी असणार तोच नीट यादी करतो, इतकं साधं आहे ते. शाळा सुधारणं म्हणजे पुष्कळदा ही यादी नीट करणं.

इनुक्टिटुटची लिपी शिकायचं मनावर घे. तुला ती अवघड जायचं काही कारण नाही. एका व्यंजनाला एक आकार आणि स्वर बदलला की तोच आकार फिरवायचा, म्हणजे आपली बाराखडीच. ही पद्धत 1840 च्या सुमारास जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने क्री या तिथल्या आदिवासी भाषेसाठी बसवली आणि तिथून ती इनुइटांपर्यंत गेली. इव्हान्सला ती सुचण्यामागे देवनागरीचाही हात होता असं काही अभ्यासक मानतात. खरंखोटं ते जाणोत. पण मी फळ्यावर 'क कि कु' त्यांच्या आणि आपल्या अक्षरांत शेजारी शेजारी लिहिलं तेव्हा वर्गात जी गंमत उडाली, ती पुढे मला बरीच वर्षं पुरली. मास्तरलाही शिकावं लागतं, चुकला की आपण हसू शकतो, हे पोरांना दिसलं. पहिल्या वर्षी मला ही लिपी येत नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

अधिकाराचं म्हणशील तर तो मुद्दा मी झटकून टाकत नाही. त्या गावातल्या आजी-आजोबांच्या पिढीतली मुलं चेस्टरफील्ड इनलेटच्या वसतिगृहात किंवा चर्चिल गावच्या शाळेत नेली गेली. आईबापांपासून तोडून, भाषा तोडून. त्यातल्या कित्येकांवर अत्याचार झाले. 2008 मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, 2015 मध्ये सत्यशोधन आयोगाने 94 शिफारशी केल्या. शाळेच्या दारात एखादी आजी थबकते, आत येत नाही, तेव्हा ती काय बघत असते ते तुला माहीत आहे. पण पोरी, तुझ्या अपराधी भावनेने अपूर्णांकांची बेरीज येत नाही. आणि 'मला अधिकार नाही' असं म्हणून निघून जाणारी माणसं त्या गावाने काही कमी बघितलेली नाहीत. कारण उदात्त असो की पगाराचं, जूनचं विमान तेच असतं.

अधिकार त्यांचाच आहे, आणि तो वापरायची सोयही आहे. प्रत्येक गावात निवडून आलेलं शिक्षण मंडळ असतं, डीईए. शाळा कधी सुरू करायची, सुट्टी कधी द्यायची हे ते ठरवतं. वसंतात कुटुंबं 'लँड'वर, म्हणजे गावाबाहेर रानात जातात, तंबू ठोकतात, मासे, सील, रानहंस यांची शिकार करतात, आणि तुझा हजेरीपट रिकामा होतो. त्यावरून तू रागावलीस, ते पत्रात दिसतं. कोसबाडला अनुताई वाघांनी काय केलं आठव. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, म्हणून शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. डीईएच्या सभेला जा, मागे बस, दुभाषाचे हेडफोन लाव आणि पहिल्या वर्षी तोंड उघडू नकोस. दुसऱ्या वर्षी वेळापत्रकाचा विषय ते स्वतःच तुझ्याकडे काढतील. मी धडगावच्या पाड्यावर नोकरीला होतो तेव्हा पावरी बोलणाऱ्या मुलांपुढे मराठीचं पुस्तक धरायचो आणि सगळा तालुका बदलीच्या यादीकडे डोळे लावून बसलेला असायचा. ध्रुवाजवळ गेलो तरी दुखणं तेच निघालं.

माझ्यावर एक आक्षेप घेतला जातो, तो तुझ्याही कानावर आला असेल, म्हणून लिहितो. मी माझ्या मुलीला नववीला ओटावाला पाठवलं. तिची आई बरोबर गेली. डीईएच्या सभेत एका म्हाताऱ्या सदस्याने सर्वांसमोर विचारलं, 'ही शाळा तुझ्या मुलीला पुरत नाही, मग आमच्या मुलांना कशी पुरते?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण मी गेलो नाही. संसार दोन ठिकाणी केला, ज्या विमानाच्या तिकिटात भारतात जाऊन येता आलं असतं ते काढून नाताळात भेटायला जात राहिलो, आणि मुलीची चौदा ते अठरा ही वर्षं फोनवर बघितली. आज ती माझ्याशी चांगली वागते, पण 'तेव्हा तुम्ही नव्हता, बाबा' हे वाक्य कधीही येऊ शकतं, आणि येतं. तरी मला अजून वाटतं की मी केलं ते बरोबर होतं. तिला दुसरे शिक्षक होते. माझ्या वर्गातल्या पंधरा पोरांना तेव्हा गणिताला मीच होतो. त्यातल्या काहींनी अल्बर्टा या दुसऱ्या प्रांताच्या बारावीच्या परीक्षा दिल्या, अल्बर्टा कुठे आहे हे फक्त नकाशात पाहून. माझी बायको हा परिच्छेद वाचेल तर म्हणेल, पत्र पोरीला लिहितोयस की मला? असो.

आता मुख्य मुद्दा, जो तू पत्रात एका ओळीत उरकलास. तुझ्या वर्गात मदतनीस म्हणून काम करणारी ती बाई, जी पोरांना इनुक्टिटुटमध्ये समजावते आणि जिच्याशिवाय तुझा एकही तास झाला नसता, ती शिक्षिका का नाही? नुनावुत आर्क्टिक कॉलेजचा शिक्षक-प्रशिक्षणाचा कार्यक्रम आहे, एनटेप. 1979 पासून, म्हणजे नुनावुत जन्मायच्या आधीपासून चालू आहे, आणि इकालुइट या राजधानीच्या बाहेर गावांतही त्याच्या तुकड्या भरतात. ती का गेली नाही ते विचारलंस? मुलं कुणी बघायची, घर सोडलं तर परत मिळेल का, इंग्रजीत निबंध लिहायची भीती, अशी कारणं निघतील. ती सुटायला कितीतरी संध्याकाळी चहा घेत बसावं लागतं. अर्ज भरायला बसावं लागतं. नापास झाली तर पुन्हा बसावं लागतं. हे काम जूनपर्यंत होत नाही. 2039 ची मुदत पाळायची असेल तर ती अशाच बायका पाळतील. तुझं दुसरं वर्ष मी मागतोय ते मुख्यतः तिच्यासाठी. तिचा पाचवा-सहावा तास रुळला की मग तू खुशाल टोरांटोला जा, मी शिफारसपत्र देईन.

एकच अपवाद सांगतो. नोव्हेंबरात बुडालेला सूर्य येईपर्यंत झोप उडाली असेल, एकटीने पिणं सुरू झालं असेल, घरात असुरक्षित वाटत असेल, तर हे पत्र फाड आणि लगेच ये. पोरांना आजारी मास्तरीण नको आहे. पण कंटाळा आलाय, इंटरनेट मंद आहे, टोमॅटो सोन्याच्या भावाने मिळतो, मैत्रिणी पुढे गेल्या, हे आजारपण नाही. याला नोकरी म्हणतात.

मुख्याध्यापकांना होकार कळव आणि त्याच दिवशी सीलिफ्टची यादी मागून घे. पेन्सिली आपल्याला वाटतात त्याच्या तिप्पट लागतात, आणि जाड पुठ्ठे विसरू नकोस. एनटेपच्या अर्जाची तारीख त्या बाईंनाच कॉलेजला फोन करून विचारू दे, तू करू नकोस. काय ठरलं ते मला मार्च संपायच्या आत कळव. नाही म्हणायचं असेल तर तेही स्पष्ट लिही, 'बघते' असं लिहू नकोस.

तुझा,
काका