पाठीला एक जखम नाही

"ताई, माझा थोरला मुलगा, वय २६. सोळा महिन्यांखाली लग्नाहून येताना रस्त्यात अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल आदळली. संभाजीनगरला मेंदूचं ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी घरी आणला, त्यालाही आता चौदा महिने झाले. डोळे उघडतो, जांभई देतो, हातात बोट दिलं की दाबतो, बोलत नाही. नाकातल्या नळीनं भरवावं लागतं. आम्ही आशा सोडली नाही. मी रोज सांजच्याला हरिपाठ लावून त्याच्याजवळ बसते. दर सोमवारी आम्ही सगळे परळीला वैजनाथाला जातो. मालक रात्रीच्या लाइटला पाणी द्यायला रानात असतात, तरी येतात. धाकटा पोलीस भरतीसाठी पहाटे चारला उठून पळायला जातो, तोही येतो. सून येत नाही. म्हणते, मला झोप येते. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ती हसत नाही, नवस बोलत नाही. आता तिच्या भावानं तिचा नर्सिंगचा फॉर्म भरलाय. परवा डॉक्टर घरी बघून गेले. म्हणाले, पाठीला एक जखम नाही, लई चांगलं आहे. देवाचीच कृपा. पण सुनेनं आशा सोडली, तिला कसं समजावू?"
एक आई, ता. माजलगाव

ताई,

एवढ्या पत्रात कामाचं वाक्य एकच आहे, आणि ते तुम्ही देवाच्या नावावर टाकून मोकळ्या झालात. पाठीला एक जखम नाही.

ज्याला स्वतःहून हलता येत नाही, असं माणूस एका अंगावर पडून राहिलं की माकडहाड, खुबा, टाच इथली कातडी हाड आणि गादी यांच्यात चेंबते. तिथं रक्त पोचत नाही. काही तासांत लाल डाग पडतो, मग फोड, मग खड्डा. वेळेत बघितलं नाही तर तो हाडापर्यंत जातो. घाम, लघवीचा ओलावा लागला की आणखी लवकर. तुमच्याकडचा उन्हाळा आणि जाणारी लाइट मी काय सांगायची! हे होऊ नये म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, दिवसा आणि रात्रीसुद्धा. तीही ओढून नाही, ओढलं की कातडी सोलते. खालच्या चादरीसकट उचलून वळवायचं, गुडघ्यांच्या मधे उशी, टाचा गादीला टेकणार नाहीत अशा. वर सव्वीस वर्षांच्या पुरुषाचं वजन.

रात्री दोनला हे कोण करतं हो?

पत्रात कुठं नाव नाही. तुम्ही हरिपाठाला बसता, मालक रानात, धाकटा चारच्या गजराला झोपलेला. राहिलं कोण ते मी सांगायला नको. रात्रीच्या चारच खेपा धरल्या, तर चौदा महिन्यांचे सव्वाचारशे दिवस. म्हणजे सतराशे वेळा ही पोर झोपेतून उठली आहे. आणि तुम्ही लिहिता, तिला झोप येते. येणारच की!

सोमवारी तुम्ही सगळे परळीला जाता. सगळे. मग लेकराजवळ कोण असतं? नळीतून भरवायचं म्हणजे डोकं उंच करून, सावकाश, भरवल्यावरही काही वेळ तसंच उंच ठेवून, नाहीतर पोटातलं उलटून फुप्फुसात जातं. तो दिवसही तिचाच.

अरुणा शानबाग तुम्हाला आठवत असेल. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली नर्स. १९७३ साली तिच्यावर हल्ला झाला, आणि २०१५ मध्ये ती गेली तोवर, जवळजवळ ४२ वर्षं, तिथल्याच नर्सेसनी तिला सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणात, तरी अंगाला जखम नाही, याचं सगळ्यांना नवल वाटायचं. तिला दयामरण द्यावं का, यावरच्या २०११ च्या निकालात सुप्रीम कोर्टानंही त्या नर्सेसचं तोंडभरून कौतुक केलं. पण त्या पाळ्यांनी काम करत होत्या. एकीची ड्यूटी संपली की दुसरी यायची, एक पिढी निवृत्त झाली की पुढची. तुमच्या घरात पाळी एकच आणि ती कधी संपत नाही.

आता आशेचं. तुमची आशा खुळी आहे असं मी म्हणणार नाही. पूर्वी डोक्याला मार लागून वर्ष झालं, तरी माणूस भानावर आलं नाही, की डॉक्टर ती अवस्था कायमची धरत. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मेंदूच्या डॉक्टरांनी त्यातला 'कायमची' हा शब्द काढला, कारण काहीजण वर्षानंतरही थोडे भानावर येतात. मात्र अशा उशिरा सुधारलेल्यांपैकी बहुतेकांना पुढंही दुसऱ्याचा हात लागतोच. बोट दाबतो म्हणता. तेवढ्यानं काही ठरत नाही, तान्हं बाळही दाबतं. 'डोळे मिट' म्हटल्यावर मिटतो का, पुन्हा म्हटल्यावर पुन्हा मिटतो का, तोंडासमोर आरसा हलवला तर नजर त्याच्यामागं जाते का, हे बघावं लागतं, तेही एकदा नाही, बऱ्याचदा. डॉक्टरांना हे सांगू शकेल असं माणूस तुमच्या घरात एकच आहे, आणि अपशकुन होईल म्हणून तिच्या तोंडाकडं तुम्ही बघत नसाल, अशी मला शंका आहे.

तिला अजून आशा आहे की नाही, हे तिचं तिला ठाऊक. असायलाच पाहिजे असं माझं मुळीच म्हणणं नाही. नसेल आणि तरी ती उठत असेल, तर तुम्ही तिच्यापुढं नवसाच्या गोष्टी काढू नका.

फॉर्मचं वाचून मला हसू आलं. सतराशे वेळा कूस बदललेल्या मुलीला कॉलेज आता नर्सिंग शिकवणार! भरलाय तर भरू द्या. पण ते नंतर.

आज रात्रीपासून ती झोपेल. दुसऱ्या खोलीत, आतून कडी लावून. दहाची, बाराची आणि दोनची खेप तुमची. मालक रानातून आले की त्यांना हाताशी घ्या. चारची धाकट्याची. तो तसाही उठतोच, सोळाशे मीटर पळायच्या आधी भावाची कूस बदलली तर पाय दुखणार नाहीत. झोपायच्या आधी तिच्याकडून सगळं शिकून घ्या: चादर कुठं धरायची, उशी कशी घालायची, लाल डाग कुठं आधी दिसतो. ती दाखवत असताना मधे बोलू नका. पहिल्या दोन-तीन रात्री तिला सवयीनं दोनला जाग येईल, ती दारात येऊन उभी राहील. तिला परत पाठवा.

येत्या सोमवारी परळीला बाकीचे जातील, तुम्ही थांबा. आठव्या दिवशी पोराला कुशीवर घेऊन खिडकीच्या उजेडात त्याची पाठ बघा, आणि काय दिसलं ते मला कळवा.