मेटॅग या अमेरिकी कंपनीच्या जुन्या, पिळणीवाल्या (कपडे दोन रोलरमधून पिळणाऱ्या) वॉशिंग मशीनचा काळ कसा ओळखायचा?

आधी टाकीखाली वाकून बघा, विजेची मोटर आहे की पेट्रोलचं इंजिन. इंजिन असेल तर निम्मं काम झालं. वीज न पोचलेल्या अमेरिकी शेतघरांसाठी मेटॅग 'मल्टी-मोटर' नावाचं टू-स्ट्रोक इंजिन द्यायची, पायाने किक मारून सुरू होणारं. एकच सिलिंडर असेल तर ते बहुधा 1937 च्या आधीचं, दोन असतील (मॉडेल 72) तर त्यानंतरचं. चौकोनी ॲल्युमिनियमची टाकी आणि तळाशी कपडे घुसळणारा पंखा ही जोडी 1922 नंतरची, पण ती बरीच वर्षं चालली, त्यामुळे तेवढ्यावर साल ठरत नाही. पिळणीच्या रोलरवर तर अजिबात जाऊ नका. रबर कडक होऊन तडकतं, म्हणून ते बऱ्याचदा बदललेलं असतं. शिवाय कंपनीने पिळणीवाली मशीन 1983 पर्यंत बनवली, तेव्हा 'पिळणी आहे म्हणजे शंभर वर्षं जुनं' असं विकणारा म्हणाला तर खुशाल हसा. फक्त एक मेख आहे: वीज आल्यावर लोकांनी इंजिन काढून मोटर बसवल्या, आणि हल्लीचे हौशी उलटं करतात. म्हणून इंजिनाचं वय ते मशीनचं वय, असं धरू नका.